समुद्री काकडी आणि घरची रीफ टाकी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

समुद्री काकडी, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीच्या आकाराचा मऊ प्राणी, आणि तो ज्यात ठेवला जातो ती रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) व मासे असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, यांविषयी आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रे परदेशांत राहणाऱ्या मराठी वाचकांची आहेत आणि तसे असणे स्वाभाविक आहे, कारण भारतात हा प्राणी वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे घरी पाळता येत नाही. त्याचा खुलासा रत्नागिरीहून आलेल्या पत्राच्या उत्तरात केला आहे. बहुसंख्य वाचकांनी विषाबद्दल विचारले आहे आणि ती भीती निराधार नाही. तरीही पत्रे बारकाईने वाचल्यावर असे दिसते की, घरच्या टाकीतील समुद्री काकडी बहुतेक वेळा प्रथम उपाशी राहते आणि विषाचा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. म्हणून प्रश्न विषाचा असला तरी उत्तर पुष्कळदा खाद्याकडे वळले आहे.

प्रश्न : आमच्या २५० लिटरच्या रीफ टाकीत काळ्या रंगाची समुद्री काकडी होती. एके सकाळी ती पंपाच्या तोंडाशी अडकून फाटलेली दिसली आणि टाकीतील सर्व मासे मेलेले होते. कोरल, कोळंबी आणि गोगलगायी मात्र जिवंत आहेत. अमोनियाची चाचणी जवळजवळ शून्य आली. हे विषामुळे झाले असेल का? आता टाकीचे काय करावे? (एक वाचक, लेस्टर)

आपण केलेले वर्णन विषबाधेशी जुळणारे आहे. समुद्री काकडीच्या कातडीत आणि आतील अवयवांत सॅपोनिन वर्गातील, म्हणजे साबणासारखा फेस करणारी, संयुगे असतात. त्यांना एकत्रितपणे होलोथुरिन म्हणतात आणि माशांवर होणाऱ्या त्यांच्या परिणामाविषयीचे संशोधन न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील रॉस निग्रेली यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले होते. ही संयुगे प्राण्याच्या पेशीपटलातील कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतात, पटलाला छिद्रे पाडतात आणि रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. माशाचे कल्ले अतिशय पातळ असून त्यांतून पाणी सतत वाहत असते, त्यामुळे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त इजा माशांना होते. समुद्री काकडीच्या स्वतःच्या पेशीपटलात वेगळ्या घडणीची स्टेरॉल असल्यामुळे ती आपल्याच विषापासून सुरक्षित राहते. प्रशांत महासागरातील ग्वामसारख्या बेटांवरचे लोक ओहोटीच्या डबक्यात काळ्या काकडीचा, म्हणजे होलोथुरिया आट्रा या जातीचा, रस पिळून मासे गुंगवत आणि पकडत असत. उघड्या समुद्रात हेच विष क्षणार्धात विरून जाते. आपली २५० लिटरची टाकी मात्र, या दृष्टीने पाहिले तर, ओहोटीचे डबकेच आहे.

आता करण्याच्या गोष्टी. काकडीचे शरीर, आतडी आणि दिसतील तेवढे तुकडे जाळीने आणि नळीने ओढून काढावेत, आणि हे करताना हातमोजे घालावेत. त्यानंतर निम्मे पाणी बदलावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच बदलावे, गाळणीत ताजा सक्रिय कोळसा भरपूर घालावा आणि तो एकदोन दिवसांनी बदलून पुन्हा नवा घालावा. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील सेंद्रिय घाण बाहेर काढणारे यंत्र) चालूच ठेवावा. त्यातून नेहमीपेक्षा फार जास्त फेस येण्याची शक्यता आहे, म्हणून त्याचे भांडे वारंवार रिकामे करावे. वाळूत किंवा खडकांच्या फटीत राहिलेला तुकडा कुजला की अमोनिया वाढतो, यासाठी आज शून्य आलेली चाचणी पुढचा आठवडाभर रोज करावी. विष गेले की नाही हे पाहण्यासाठी एखादा स्वस्त मासा टाकीत सोडण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया मानू नये. थोडे अधिक दिवस थांबणे हीच योग्य चाचणी आहे.

असा प्रसंग मासे जिवंत असताना लक्षात आला, तर क्रम बदलतो. तेव्हा सर्वांत आधी मासे बाहेर काढायचे असतात, कारण पाणी बदलण्याला जो वेळ लागतो तेवढ्यात त्यांचे कल्ले निकामी होऊ शकतात. त्यासाठी वेगळी टाकी किंवा स्वच्छ टब आणि टाकीच्या निदान चौथ्या हिश्शाइतके, शक्य असल्यास निम्म्याइतके, मिठाचे तयार पाणी घरात नेहमी असले पाहिजे. समुद्री काकडी पाळणाऱ्याने हे पाणी आणीबाणीची वस्तू न समजता टाकीचाच एक भाग समजावे, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या निदर्शनास आणणे आवश्यक वाटते. प्रत्येक समुद्री काकडी मरताना टाकी विषारी करतेच असे नाही. कित्येक काकड्या शांतपणे मरतात आणि माशांना काहीही होत नाही. धोका मोठा होतो तो प्राणी पंपात चिरडला गेला, टाकीच्या मानाने तो फार मोठा असला किंवा मेलेला प्राणी वेळेवर बाहेर काढला नाही, अशा वेळी. पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर जाड छिद्रांचा स्पंज किंवा बारीक जाळी घट्ट बसवणे आणि दर आठवड्याला तो स्पंज धुणे हा उपाय साधा असूनही बहुतेक दुकानदार तो सांगत नाहीत. हीटरलाही प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण हवे आणि पाणी खाली वाहून नेणाऱ्या तोंडालाही जाळी हवी. वाळूत पुरेसे खाद्य मिळणारी काकडी आपला बहुतेक वेळ तळाशीच घालवते. ती रात्री वारंवार काचेवरून वर आणि पंपाकडे जाऊ लागली, तर ती खाद्य शोधत आहे किंवा पाण्यात प्राणवायू कमी पडत आहे, अशी शंका घ्यावी. आपल्या टाकीतही आधी काही दिवस तसे होत होते का, हे आठवून पाहावे.

प्रश्न : माझ्याकडे दोन वर्षांपासून १८० लिटरच्या टाकीत वाळू खाणारी समुद्री काकडी आहे. आणली तेव्हा ती वीतभराहून मोठी होती, आता जेमतेम निम्मी राहिली आहे. वाळू अगदी पांढरीशुभ्र आहे, काकडी फिरतेही. पाण्याच्या सर्व चाचण्या उत्तम आहेत. वयामुळे ती लहान होत असेल का? (एक वाचक, न्यू जर्सी)

वयामुळे नव्हे. आपली काकडी उपाशी आहे, आणि जी पांढरीशुभ्र वाळू पाहून आपल्याला समाधान वाटते तीच त्या उपासमारीची खूण आहे.

हा प्राणी वाळू गिळतो, पण वाळू पचवत नाही. वाळूच्या कणांवर जीवाणू, डायटम नावाची सूक्ष्म शैवाले आणि कुजलेल्या सेंद्रिय कणांचा जो अतिशय पातळ थर असतो, तेवढाच त्याचा आहार आहे. तो थर काढून घेतल्यावर उरलेली वाळू लहान लहान कांड्यांच्या रूपात मागून बाहेर पडते. आहार इतका विरळ असल्यामुळे पोट भरण्यासाठी पुष्कळ वाळू गिळावी लागते. शेतजमिनीत जे काम गांडूळ करते, त्याच जातीचे हे काम प्रवाळभित्तीच्या वाळूत समुद्री काकड्या करतात आणि त्याचा आवाका थक्क करणारा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील हेरॉन बेटाच्या प्रवाळभित्तीवर ड्रोनच्या साहाय्याने काकड्यांची मोजणी करून २०२१ साली संशोधकांनी असा अंदाज प्रसिद्ध केला की, तेथील काकड्या वर्षाला सुमारे ६४ हजार टन वाळू आपल्या शरीरातून फिरवतात. फ्रेंच पॉलिनेशियातील मोरेआ बेटावर काही जागांतून मुद्दाम काकड्या काढून टाकून पाहिले, तेव्हा त्या जागांतील कोरलचे रोगाने मरण्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढलेले आढळले. तो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. काकडी वाळू स्वच्छ ठेवते हे खरेच आहे. पण ती ज्या वाळूवर जगते तिला रोज भरती-ओहोटीबरोबर नवे सेंद्रिय कण मिळत असतात आणि एका काकडीच्या वाट्याला आपल्या टाकीच्या कितीतरी पट मोठी जागा येते.

आपल्या टाकीत वाळूचे क्षेत्र लहान आहे, त्यावर खडकांनी जागा अडवलेली असणार, आणि उत्तम स्किमर व उत्तम गाळणी जे सेंद्रिय कण तळाशी पडायला हवेत तेच उचलून नेत आहेत. चाचण्या उत्तम येण्याचे आणि काकडी आटण्याचे कारण एकच आहे. या प्राण्याची चयापचय क्रिया मंद असल्यामुळे तो काही दिवसांत मरत नाही. स्वतःच्याच शरीरातील ऊती वापरत तो महिनोन्महिने लहान होत राहतो, फिरतो, वाळू गिळतो आणि पाळणाऱ्याला सर्व काही ठीक वाटते. मी पाहिलेल्या आणि मला कळवलेल्या मृत्यूंपैकी विषापेक्षा, रोगापेक्षा आणि पंपापेक्षाही या मंद उपासमारीचा वाटा मोठा आहे. म्हणूनच ‘टाकी साफ करणारा मदतनीस’ म्हणून हा प्राणी विकला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते. तो नायट्रेट कमी करत नाही आणि माशांची विष्ठा नाहीशी करत नाही. जे खातो त्यातील मोठा भाग अमोनियाच्या आणि विष्ठेच्या रूपाने पुन्हा पाण्यातच येतो.

लांबीवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण हा प्राणी आखडला की अर्धा होतो आणि सैलावला की दुप्पट. तो विश्रांती घेत असताना, एकाच खडकाजवळ, दर महिन्याला एक छायाचित्र काढावे आणि शरीराची जाडी पाहावी. त्याहून चांगली खूण म्हणजे वाळूच्या कांड्या. सकाळी तळावर भरपूर कांड्या दिसणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. त्या कमी कमी होत गेल्या, तर खाद्य संपत आले आहे असे समजावे.

खाद्य देण्याचा मार्ग असा : रात्री दिवे बंद झाल्यावर पंप थोडा वेळ थांबवून समुद्रशैवालाची किंवा स्पिरुलिनाची पूड टाकीच्याच पाण्यात कालवून काकडी फिरते त्या वाळूवर नळीने हलकेच पसरावी, तळाशी बसू द्यावी आणि मग पंप सुरू करावा. आठवड्यातून दोनतीन वेळा अल्प प्रमाणात हे करावे आणि त्याच काळात नायट्रेट व फॉस्फेट मोजत राहावे. वाळू नळीने ओढून धुण्याची सवय असेल, तर ती निदान अर्ध्या तळापुरती सोडावी. वाळू बारीक असावी आणि थर पाच सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा.

एवढे करूनही १८० लिटरची जागा अपुरीच राहील, असे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टाकी ३०० लिटरपेक्षा लहान असेल किंवा निदान वर्षभर चालू राहून मुरलेली नसेल, तर वाळू खाणारी काकडी ठेवूच नये आणि त्या आकाराच्या टाकीतही एकीपेक्षा अधिक ठेवू नयेत, असे मी सांगत आलो आहे. आपल्या परिसरात मोठी, जुनी, भरपूर वाळूची टाकी असलेले कोणी असल्यास त्यांच्याकडे हा प्राणी सोपवणे त्याच्या दृष्टीने सर्वांत हिताचे होईल.

प्रश्न : दुकानात ‘टायगर टेल’ नावाची एक काकडी आहे आणि एक पिवळी लहान काकडीही आहे. दोघी वाळू साफ करतात असे दुकानदार म्हणतात. खात्री कशी करावी? (एक वाचक, टोरांटो)

तोंड पाहावे. समुद्री काकडीच्या तोंडाभोवती शुंडकांचे, म्हणजे खाद्य पकडणाऱ्या लवचीक सोंडांचे, कडे असते आणि त्या शुंडकांचा आकार तिचा आहार सांगतो. शुंडके आखूड, टोकाला चपट्या पसरट गोंड्यांसारखी आणि वाळूवर थापटत चालणारी असतील, तर तो वाळू खाणारा प्राणी आहे. शुंडके झाडाच्या फांद्यांसारखी फुटलेली आणि पाण्यात पसरलेली असतील, तर ती पाण्यातून तरंगते सूक्ष्मजीव पकडणारी जात आहे आणि वाळूशी तिचा काही संबंध नाही. आपण पाहिलेली पिवळी काकडी बहुधा कोलोकिरस रोबस्टस असावी, आणि ती दुसऱ्या प्रकारची आहे.

‘टायगर टेल’ हे नाव मात्र फसवे आहे. त्या नावाखाली हिंदी व प्रशांत महासागरातील होलोथुरिया हिला ही जात विकली जाते आणि कॅरिबियन समुद्रातील होलोथुरिया थोमासी हीदेखील. दुसरी जात दोन मीटरपर्यंत लांब होऊ शकते आणि घरच्या कोणत्याही टाकीत तिला स्थान नाही. दुकानदाराला प्राणी कोणत्या समुद्रातून आला हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर खरेदी करू नये.

प्रश्न : जांभळ्या-लाल रंगाचे ‘सी ॲपल’ पाहिले आणि मोह झाला. आमच्या टाकीत एक फुलपाखरू मासा आणि एक बटू एंजल मासा आहे. बरोबर ठेवता येईल का? (एक वाचक भगिनी, सिडनी)

ठेवू नये, हे स्पष्टपणे सांगतो. सी ॲपल म्हणजे स्यूडोकोलोकिरस वंशातील समुद्री काकडीच आहे आणि तिच्याइतका देखणा प्राणी रीफ टाकीत क्वचितच दिसतो. आपला मोह मला समजतो. परंतु तिची फांद्यांसारखी शुंडके फुलपाखरू मासा आणि एंजल मासा यांना कोरलाच्या कळ्यांसारखी वाटतात आणि ते ती टोचून खातात. सतत टोचले गेल्यावर ती शुंडके आत ओढून घेते, खाणे बंद करते आणि एक दिवस ताण असह्य होऊन आतडी बाहेर टाकते. या प्राण्याचे विष वाळू खाणाऱ्या जातींपेक्षा घरच्या टाकीत अधिक घातक ठरल्याचा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. तो टाकीत अंडी सोडतो तेव्हा ती अंडीही खाणाऱ्या माशांना मारू शकतात.

मासे नसलेल्या टाकीत तरी ती जगेल का, असे आपण विचाराल. ती एकेक शुंडक तोंडात घालून चोखते आणि पुन्हा पसरते. ही क्रिया दिवसभर चालू असते, कारण तिचा आहार म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल आहे. नॅनोक्लोरोप्सिससारखे जिवंत शैवाल घरी वाढवून दिवसातून अनेक वेळा, वर्षानुवर्षे, न चुकता देणे आणि तरीही पाणी बिघडू न देणे ज्यांना जमते असे लोक फारच थोडे आहेत. उरलेल्या घरांत मुठीएवढे सी ॲपल फिकट होत लिंबाएवढे होते आणि मग मरते. हा प्राणी सार्वजनिक मत्स्यालयात पाहावा.

प्रश्न : माशांवर पांढरे ठिपके आले आहेत. टाकीत काकडी असताना तांब्याचे औषध चालेल का? (एक वाचक, दुबई)

चालणार नाही. तांबे काकडी, तारामासा, कोळंबी आणि कोरल या सर्वांना मारते आणि खडकात व वाळूत मुरून नंतरही हळूहळू बाहेर येत राहते. मासे वेगळ्या टाकीत नेऊन तेथेच उपचार करावेत, आणि त्या टाकीतील जाळी, नळी किंवा पाणी मूळ टाकीत आणू नये.

प्रश्न : आमची पिवळी काकडी गेले तीन दिवस कमरेपाशी बारीक होत चालली आहे, जणू कोणी दोरा आवळला आहे. ती मरत आहे का? बाहेर काढू का? (एक वाचक, म्युनिक)

शरीर बाकी ठिकाणी घट्ट आणि रंगाने ताजे असेल, तर काढू नये. ती बहुधा दोन होत आहे. काही जातींच्या समुद्री काकड्या मधोमध आवळत जाऊन दुभंगतात, पुढच्या अर्ध्याला नवी शेपटी येते आणि मागच्या अर्ध्याला नवे तोंड व शुंडके येतात. कोलोकिरस रोबस्टस ही जात घरच्या टाकीत असे करते, आणि समुद्रात होलोथुरिया आट्रा व होलोथुरिया एडुलिस यांच्यातही हे सर्रास आढळते. मागच्या अर्ध्याला तोंड तयार होईपर्यंत काही खाता येत नाही. तेव्हा त्याला न हलवता, प्रवाह फार जोरदार नसलेल्या ठिकाणी राहू द्यावे. पुढच्या अर्ध्याला मात्र सूक्ष्म शैवाल आणि रोटिफर नावाचे सूक्ष्म जलजीव देत राहावे.

मरणाऱ्या काकडीची लक्षणे निराळी असतात. तिचे शरीर सगळीकडे लिबलिबीत होते, खडकाची पकड सुटते, कातडीवर पांढुरके चट्टे किंवा जखमा पडतात, त्यांतून चिकट स्राव येतो आणि अखेरीस कातडी विरघळल्यासारखी होते. ही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न करता तिला वेगळ्या पाण्यात काढावे. तिसरी शक्यता आतडी बाहेर टाकण्याची असते. ते पाहून घाबरायला होते, तरी तो मृत्यू नव्हे. स्थिर पाणी, प्राणवायू आणि शांतता मिळाली, तर पुष्कळ काकड्या काही आठवड्यांत आतडी पुन्हा तयार करतात. बाहेर पडलेली आतडी मात्र लगेच टाकीतून काढावीत आणि काकडीला शक्यतो मासे नसलेल्या टाकीत ठेवावे. कोणत्या त्रासामुळे हे घडले त्याचा शोध घेतल्याशिवाय तिला परत आणू नये. क्षारतेतील अचानक बदल हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. समुद्री काकडी, तारामासा अशा कंटकचर्मी प्राण्यांना शरीरातील क्षारांचे नियमन फारसे करता येत नाही, म्हणून नवी काकडी आणल्यावर दोनतीन तास थेंबथेंब पाणी सोडत तिला आपल्या पाण्याची सवय करावी लागते. क्षारता ३५ प्रतिहजार, तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, आणि या सर्वांत कमीत कमी चढउतार, एवढे सांभाळावे.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाने काकडीला हात लावला तेव्हा तिने पांढरे चिकट धागे बाहेर टाकले. ते बोटांना चिकटून बसले. काही अपाय होईल का? (एक वाचक भगिनी, लंडन)

त्या धाग्यांना क्युव्हिए नलिका म्हणतात. होलोथुरिया वंशातील अनेक जाती आणि त्यांचे काही नातलग शत्रूला अडकवण्यासाठी ते मागच्या बाजूने सोडतात. त्यांत विष असते. निरोगी कातडीला सहसा जळजळीपेक्षा अधिक काही होत नाही, परंतु डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे बोटे साबणाने नीट धुऊन धागे पूर्ण निघेपर्यंत मुलाने डोळे चोळू नयेत याची काळजी घ्यावी. डोळ्यांत गेल्याची शंका जरी आली, तरी स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. टाकीत पडलेले धागे नळीने ओढून काढावेत, कारण लहान मासे त्यांत अडकतात. पुढे मुलाला काकडी पाहू द्यावी, तिला उचलू मात्र देऊ नये. उचलल्यामुळे तिला होणारा त्रासही लहान नाही.

प्रश्न : मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. ओहोटीच्या वेळी खडकांत समुद्री काकडी सापडली. घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी काही दिवस तीत ठेवली तर चालेल का? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

आपला हेतू चांगला आहे, परंतु तसे करू नये. समुद्री काकडीच्या सर्व जाती २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतल्या गेल्या आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही त्यांना असलेले संरक्षण कायम आहे. पकडणे, बाळगणे, विकणे हे सारे गुन्हे आहेत आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. ‘काही दिवस’, ‘शिक्षणासाठी’ असा अपवाद व्यक्तीला स्वतःहून घेता येत नाही. खडकाळ प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांनाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

कायदा इतका कडक करण्यामागे कारण आहे. वाळवलेल्या काकडीला पूर्व आशियात मोठी किंमत मिळते. तामिळनाडूच्या मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात होलोथुरिया स्काब्रा या जातीची कित्येक दशके बेसुमार काढणी झाली आणि बंदीनंतर तस्करी सुरू झाली. त्याच किनाऱ्यावर तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९८८ साली या जातीची पिल्ले प्रयोगशाळेत वाढवण्यात यश मिळवले होते. लक्षद्वीपमध्ये २०२० साली खास समुद्री काकड्यांसाठी संवर्धन क्षेत्र घोषित झाले. जगभरातही चिंता वाढली आहे. टीटफिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन मोठ्या जाती २०१९ साली आणि थेलेनोटा वंशातील जाती २०२२ साली साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आल्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे बंधन आले.

आपल्याजवळ समुद्र आहे, मग टाकीची गरज नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला विद्यार्थ्यांना खडकांवर न्यावे, काकडी जेथे आहे तेथेच, हात न लावता, दाखवावी. ती मागच्या छिद्रातून पाणी आत घेऊन श्वसन करते, आणि शांतपणे थोडा वेळ बसल्यास ते छिद्र उघडताना-मिटताना दिसते. उलटलेला दगड पूर्वी होता तसाच परत ठेवायला सांगावे, कारण त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात काही मिनिटांतच मरतात.

प्रश्न : आम्ही सिंगापूरहून कायमचे पुण्याला परतत आहोत. आमच्या रीफ टाकीत पाच वर्षे सांभाळलेली गुलाबी पोटाची काकडी आहे. ती रीतसर खरेदी केली होती. बरोबर आणता येईल का? (एक वाचक, सिंगापूर)

आणण्याचा प्रयत्न करू नये. सजीव प्राणी भारतात आणण्यासाठी आयात परवाना आणि पशुसंगरोध विभागाची परवानगी लागते. त्यातच हा प्राणी येथे संरक्षित असल्यामुळे सिंगापूरच्या दुकानाची पावती पुण्यात आपल्या बाजूने काही सिद्ध करू शकणार नाही. तो रीफमध्ये सोडून देण्याचा विचारही मनात आणू नये. पाच वर्षे टाकीत राहिलेला प्राणी आपल्याबरोबर तेथील समुद्रात नसलेले रोगजंतू नेऊ शकतो.

आपली काकडी होलोथुरिया एडुलिस असावी. ती पाच वर्षे टिकली आहे, याचा अर्थ तिला पुरेसे खाद्य मिळत आले आहे, आणि ही गोष्ट आपल्याला अभिमान वाटावा अशी आहे. तिच्यासाठी घर शोधताना नव्या टाकीचे लिटर विचारण्याआधी वाळूचे क्षेत्र आणि टाकीचे वय विचारावे, तेथे ट्रिगर मासे, पफर मासे किंवा फुलपाखरू मासे आहेत का ते पाहावे, आणि पंपाच्या तोंडावरचे स्पंज स्वतः हात लावून तपासावेत. शक्य झाल्यास तिच्याबरोबर आपल्या टाकीतील मुरलेल्या वाळूचाही मोठा भाग द्यावा. नेताना ती एकटीच, भरपूर पाणी असलेल्या मोठ्या डब्यात, वाळूशिवाय न्यावी. सोबत मासा किंवा कोळंबी ठेवू नये आणि तिच्या डब्यातील पाणी नव्या टाकीत ओतू नये. प्रवासात घाबरून तिने काही स्राव सोडला असेल, तर तो त्या पाण्यातच असतो. ही हलवाहलव निघण्याच्या आदल्या दिवशी न करता महिनाभर आधी करावी, म्हणजे नव्या ठिकाणी ती वाळूच्या कांड्या टाकू लागली आहे की नाही, हे आपल्याला तेथे असतानाच पाहता येईल.